जांभळ्या मातीचा द्रोण

माझा आवाज फार मोठा होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यात त्या आवाजाला काम आहे. मोठा म्हणजे किती? कुरखेड्याहून दोन कोस आत, रानाला टेकून माझी एकखोली शाळा होती. सकाळी मी तिथे पाढे सुरू केले की तलावापलीकडच्या बांधीत धानाची रोवणी करणाऱ्या बायका पुढचा आकडा म्हणायच्या. त्या रानात एक वाघ होता. माझ्या एकोणतिसाच्या पाढ्याला कंटाळून तो जो उठला, तो चालत चालत मोहर्लीच्या रानात जाऊन राहिला. हे मीच लोकांना सांगत असे, आणि लोक माना डोलवत.

म्हणजे सवयही मोठी होती. खोटं बोलण्याची नव्हे. असलेल्या गोष्टीत जरा वारा भरण्याची. हा फरक मी तेव्हा फार मानत असे. वयाच्या चोविसाव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, एका सकाळी मी एका खड्ड्याच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसलो होतो. तोंडातून एक शब्दही मोठ्याने काढायची मनाई होती. आत नऊ वर्षांची एक मुलगी होती, आणि ती माझ्या वाऱ्यामुळे तिथे गेली होती. तेव्हा तो फरक मला काही केल्या आठवेना.

ती पन्नासनंतरची वर्षं. आमचा सगळा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात होता. ट्रेनिंगमध्ये आमच्या डोक्यात एकच गोष्ट घातली होती: मुलांच्या कानाला कमी शिकवा, हाताला जास्त. तिसरीच्या पुस्तकात मातीवर एक धडा होता. माती तीन प्रकारची असते, काळी, तांबडी आणि रेताड. धडा संपला. मी तो गरजून वाचला. मागच्या बांबूच्या तट्ट्यावर बसलेला एक जण उठला.

"गुरुजी, हे पुस्तक लिवनाऱ्याकडं शेती नाई का जी?"

"का रे?"

"आमच्या एका बांधीत चार माती आहे न. ह्याच्यात तीनच सांगून राह्यला तो."

त्याचं बरोबर होतं. चिकट काळी ती कन्हार, तिच्यापेक्षा भुरकट ती मोरांड, पिवळसर हलकी ती सिहार आणि खड्यांनी भरलेली ती बरडी. पोरांना ही नावं दूध पीत होती तेव्हापासून ठाऊक. मला त्या दिवशी कळली. मी अर्थातच फार आधीपासून ठाऊक असल्यासारखी मान हलवली आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेचा चिखल झाला. ज्याने त्याने आपल्या घरच्या शेतातली माती आणायची, ओली करायची, तळहातावर वळी करायची आणि त्या वळीची बांगडी वाकवायची. कन्हारीच्या बांगड्या पोरींनी मनगटात घालून मिरवल्या. सिहारीची वळी होता होता तुटायची. बरडीने वळी हा शब्दच ऐकलेला नव्हता. मग बाटलीत पाणी आणि माती ढवळून ठेवायची. सकाळी यावं तो तळाशी खडे, वर रेती, त्यावर मऊ गाळ, असे थर बसलेले. मग माती जिभेला लावून पाहायची. एका पोराने जिभेचा अभ्यास इतका मनावर घेतला की त्याची आई विचारायला आली, हा घरी जेवत काऊन नाई?

मातीनंतर दगड. त्या भागात तांबूस, भोकाभोकांचा एक दगड जिकडेतिकडे. पुस्तकात त्याला जांभा म्हणतात. तो गोट्याने वाजवायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. आतून धड असलेला दगड 'टण' बोलतो. आतून तडकलेला, कुजलेला 'बद्द' बोलतो. बाजारात मडकं घेताना सगळेच असं वाजवून घेतात, पण दगडही बोलतो म्हटल्यावर पोरांना वेड लागलं. शाळेची पायरी वाजवून झाली, देवळाचा ओटा झाला, पाटलाचा उंबरा झाला. एकाने मागून येऊन माझं डोकं वाजवलं. ते काय बोललं ते सांगत नाही.

ही खबर मी तालुक्याला कळवली. शाळा तपासणाऱ्या डिप्टी साहेबांना पत्र लिहिलं की आमच्या मुलांनी बारा प्रकारच्या मातींचा संग्रह केला आहे. होत्या अकरा. बारा हा आकडा लिहिताना हाताला बरा वाटला. साहेबांचं उलट पत्र आलं: शुक्रवारी येतो, संग्रह पाहीन.

फळीवर पळसाच्या पानांचे बारा द्रोण मांडून ठेवले होते. द्रोण सगळे एकाच मुलीने वळले होते. तिच्यासारखा गच्च द्रोण वर्गात कोणाला जमत नसे. त्यात पाणी ओतलं तरी थेंब गळायचा नाही. तिचा बाप तलावात जाळं टाकायचा, घर तलावाच्या पाळीवर. अकरा द्रोणांत अकरा मुलांच्या माती होत्या. बारावा तिचा होता आणि रिकामा होता.

"तुझी माती कुठे गं?" मी बुधवारी विचारलं.

"आमची शेती नाई जी," ती म्हणाली. "आमचं पानी आहे."

पोरं हसली. एक म्हणाला, "मंग पानीच आन न द्रोनात! मासोळीसकट!" ती हसली नाही. तिने मला विचारलं, "गुरुजी, ह्या अकराहून वेगळी माती असते का कुठी? जे कोनाच्याच शेतात नाई?"

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, हे दोन शब्द बोलायला मला अर्धा श्वासही लागला नसता. पण चाळीस डोळे माझ्यावर, शुक्रवार दोन दिवसांवर आणि समोर तो रिकामा द्रोण. माझ्यात वारा शिरला.

"असते तर!" मी म्हणालो. "जांभळी माती. मोराच्या गळ्यासारखी चमकते. तुमच्या टेकडीखालच्या पांढऱ्या मातीच्या खड्ड्यात, सात हात आत. मी या डोळ्यांनी पाहिली आहे. ज्या घराला ती लावली त्या घरात मुंगीसुद्धा पाय पुसून येते."

"सात हात?" तिने विचारलं.

"बरोबर सात."

सात हा आकडाही बरा वाटला होता.

गुरुवारी हजेरी घेताना तिचा 'हाजर' आला नाही. मी पुन्हा नाव घेतलं. पुढच्या तट्ट्यावर तिची चुलत बहीण बसायची, पहिलीतली, नाकात लोलक घातलेली. ती म्हणाली, "ते नाई येत आज. ते तुमची माती आनाले गेली."

"माझी माती?"

"जांभळी. सात हात आतची. पहाटीच गेली टोपली घेऊन. मले म्हने कोनाले सांगू नको, मी उद्या साहेबाच्या आधी ठेवतो द्रोनात."

हजेरीची वही माझ्या हातातून पडली की मी ठेवली, आठवत नाही. "कोणी जागेवरून हलायचं नाही!" एवढं ओरडलो आणि धावलो. वाटेने वळसा पडला असता म्हणून तलावाच्या काठाकाठाने, गुडघाभर गाळातून धावलो. हत्ती धावला असता तर कमी चिखल उडाला असता.

तिची आई पाळीवर मासे वाळत घालत होती. माझ्याकडे पाहूनच ती उभी राहिली.

"पोरगी पांढऱ्या मातीच्या खड्ड्याकडे गेली आहे," मी म्हणालो.

"कोनत्या? टेकडीखालच्या?" तिच्या हातातली सुपली खाली गेली. "तो तर ओला आहे अजून. कोनी सांगतलं तिले जायाले?"

"मुलं म्हणतात…" मी म्हणालो, आणि वाक्य तिथेच राहिलं.

ती घरात गेली आणि चुलीमागच्या कोनाड्यातून मुठीत मावेल एवढा एक काळा गोटा काढून आली. एक टोपली घेतली. नवरा डोंग्यातून तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, टिंबाएवढा दिसत होता. तिने तिकडे एकदाच पाहिलं आणि टेकडीच्या वाटेला लागली.

खड्डा म्हणजे काय ते सांगायला हवं. दिवाळीआधी तिथल्या बायका घराच्या भिंती पांढऱ्या मातीने सारवतात. त्या मातीला छुई म्हणतात. ती टेकडीच्या पोटात, जांभ्याच्या थराखाली पट्टीसारखी असते. बायका वर्षानुवर्षं ती कोरत आत आत जातात. खड्डा आडवा होत जातो, माणूस रांगेल एवढा. वर दगडी छत, खाली मऊ छुई. म्हणून तिथले नियम कडक. पाऊस सरून जागा सुकेपर्यंत कोणी आत जायचं नाही. लग्न न झालेल्या पोरीला न्यायचं नाही. पहिली बाई आधी गोट्याने छत वाजवणार, टण बोललं तर पुढे सरकणार, बद्द बोललं तर परत फिरणार. आणि खड्ड्यापाशी कोणी बोलायचं नाही. यातलं मला त्या दिवसापर्यंत एकही ठाऊक नव्हतं. ज्या जागेचं मला काहीच ठाऊक नव्हतं, तिथे मी जांभळी माती पुरून मोकळा झालो होतो.

आम्ही पोचलो तेव्हा खड्ड्याचं तोंड जवळजवळ नव्हतंच. वरचा मुरूम ताजा ढासळला होता, ओला, लाल. डाव्या कोपऱ्यात सुपाएवढी फट उरली होती. फटीच्या बाहेर तिची टोपली उपडी पडलेली.

मी तिला हाक मारायला छाती भरून श्वास घेतला. हाक निघाली असती तर वैरागडापर्यंत गेली असती. तिच्या आईने मागून झडप घालून माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला माशांचा वास होता.

"चूप," ती माझ्या कानात म्हणाली. "एकदम चूप, गुरुजी. छत आयकते."

तिने वर बोट दाखवलं. फटीच्या वर जांभ्याचा एक मोठा तुकडा अर्धा सुटून लोंबत होता, आणि त्याच्या कडेने मुरमाचे दाणे खाली पडत होते. एक. थांबून दुसरा. मग तीन एकदम. मी श्वास नाकाने सोडला, तोही हळू.

ती फटीशी आडवी झाली आणि गोट्याने बाजूच्या दगडावर तीनदा वाजवलं. टक. टक. टक. मग कान लावला.

काही नाही.

मागे काहीतरी सळसळलं. पाहतो तर सगळी शाळा! जागेवरून हलू नका म्हटलेली एकोणीसच्या एकोणीस पोरं, अनवाणी, धापा टाकत उभी. माझा मोठा आवाज त्यांनी मानला नव्हता. आता मी नुसतं ओठांवर बोट ठेवलं आणि ती जागच्या जागी खिळली. त्या शाळेत मी दीड वर्षात इतकी शांतता एकदाही मिळवली नव्हती.

आईने पुन्हा वाजवलं. टक. टक. टक.

दाणे पडले. एक. दोन. कुठेतरी दूर पाळीवर कोणाची तरी गाय हंबरली, त्याचीही मला भीती वाटली.

आणि मग आतून, फार आतून, जमिनीच्या आतल्या माणसाने दार ठोठावावं तसा आवाज आला.

बद्द.

आईने डोळे मिटले.

बद्द. थोडं थांबून पुन्हा, जरा वेगळीकडून, बद्द. मग बराच वेळ काही नाही. मग टण. पुन्हा त्याच जागी टण. टण.

"ते छत वाजवून राह्यली," आई पुटपुटली. माझ्याकडे वळून तिने पाहिलं, डोळे ताणून. "पक्कं कुठी आहे ते शोधून तेथी बसली. हे मी तिले नाई शिकवलं. कोनी शिकवलं?"

तिसऱ्या इयत्तेतली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. चांगल्या कामाचं श्रेय घ्यायला मी आयुष्यात कधी उशीर केलेला नाही. त्या वेळी माझी मान वर होईना.

समोरून उकरायचं नाही, असं आईने हातानेच सांगितलं. वरचा तुकडा येईल. कुदळ नाही, सब्बल नाही, धक्का नको. टणचा आवाज डावीकडून आला होता, म्हणजे डाव्या अंगाने हातांनी उकरायचं. ती पोटावर झोपली आणि उकरू लागली. निघालेला मुरूम टोपलीत. टोपली मी ओढायची, पोरांकडे द्यायची, पोरांनी रांगेने हातोहात दूर नेऊन हळूच ओतायची. आपटायची नाही. गेले पंधरा दिवस मातीत हात घालून बसलेली ती पोरं. कोणालाही दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. एका पोराने टोपली दुसऱ्याला देता देता तिच्यातली माती सवयीने दोन बोटांत चोळून पाहिली आणि ओठांनीच सांगितलं: बरडी. मी त्याच्याकडे डोळे वटारले. मग पुढच्या टोपलीत पांढरं दिसू लागलं. त्याने ते जिभेला लावून पाहिलं, चिकटलं, आणि डोळे मोठे करून आईला दाखवलं. छुई लागली होती. आम्ही पट्टीपर्यंत आलो होतो.

आता लोंबणाऱ्या तुकड्याखालून आत शिरायचं होतं. गेल्या साली बायकांनी टेकू लावलेली येनाच्या लाकडाची एक बल्ली बाजूला पडली होती. आईने ती उभी केली, तुकड्याखाली घातली आणि मला खूण केली: धर. मी खांदा लावला. बल्ली हलली नाही. मी हललो नाही. लोक सांगतात अमुक डोंगर अमुकाने उचलला. माझ्या खांद्यावर तो होता. ठीक आहे, डोंगर नसेल, बैलगाडीएवढा दगड असेल. माझ्या मानेवर मुरमाचे दाणे पडत होते आणि सदऱ्यातून पाठीवर उतरत होते. मी ते मोजू लागलो. मोजता मोजता आकडे वाढवायची सवय तिथे चालेना.

आईचं डोकं आत गेलं, मग खांदे, कंबर. शेवटी फक्त तळपाय उरले, पांढरे माखलेले. मग तेही गेले.

मला खाली पाहण्याशिवाय काही करता येत नव्हतं, म्हणून मी माझे पाय पाहत राहिलो. गुडघ्यापर्यंत तलावाचा गाळ होता. वाळून त्याची साल धरू लागली होती, पण भेग एकही नव्हती. करडा, लोण्यासारखा, कन्हारीपेक्षा चिकट. बारावी माती. ती माझ्या पायांना लागली होती. त्या पोरीच्या तर घराच्या दाराशी होती, जन्मापासून. आमचं पानी आहे, असं ती म्हणाली तेव्हा मी एवढंच म्हणायचं होतं: मग पाण्याखाली काय आहे गं? शाळेपासून पन्नास पावलं. मी तिला सात हात जमिनीत पाठवलं.

खांद्यावर काहीतरी करकरलं. बल्ली नव्हे, वर. तुकड्याची फट बोटभर रुंदावली. पोरांच्या रांगेतून एक हुंदका आला आणि कोणीतरी तो तळहाताने दाबला. मला ओरडायचं होतं, बाहेर या, आत्ता या. ओरडलो असतो तर आलाच असता, दगड. मी बल्लीवर डोकं टेकलं आणि दातांनी स्वतःचा दंड धरला. त्या जागी अजून खूण आहे. पाहणाऱ्याला मी अस्वल म्हणून सांगतो.

आतून टण झालं. जवळ. मग अजून जवळ. आधी तळपाय आले, उलटे, सरकत. मग कंबर. मग आई पूर्ण बाहेर आली आणि तिच्या हातात दुसरे दोन हात होते, कोपरापर्यंत पांढरे. तिने ओढलं. पोरगी पिठात लोळवलेल्या मासोळीसारखी बाहेर आली. दोघी घसरत खाली गेल्या आणि आईने माझ्या धोतराचा सोगा धरून मला जो हिसका दिला, तो मी बल्ली सोडून त्यांच्यावर पडलो. मागे तुकडा आला. धडाका असा झाला की तलावातले मासे उसळले. हे मात्र वाढवून सांगत नाही. तिचा बाप त्याच आवाजाने डोंगा वळवून निघाला.

धूळ बसली. पोरगी उठून बसली. पापण्या पांढऱ्या, नाक खरचटलेलं, एक मूठ घट्ट मिटलेली. तिने मूठ उघडली. छुई होती. साधी, पांढरी.

"गुरुजी," ती म्हणाली, घसा बसलेला, "जांभळी नाई भेटली जी. मोजता नाई आलं, लई अंधार होता. पाच हातच झाले असन. आनखी आत असन ते. बाजूच्या खड्ड्यातून जाता येते. उद्या पहाटी…"

तिची आई माझ्याकडे बघत होती. आता तिला कळलं होतं, पण सगळं नाही.

आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा माझ्या जिभेवर एक वाट तयार होती. अगदी गुळगुळीत. 'अगं वेडे, मी जांभा म्हणालो होतो! जांभा दगड! तू जांभळी ऐकलंस!' वर्गातल्या निम्म्या पोरांनी मान्यही केलं असतं; गुरुजी म्हणतात तर तसंच असेल. नोकरी राहिली असती, मान राहिला असता. आणि ही पोरगी त्यावर विश्वास ठेवून गेली असती, किंवा न ठेवता पहाटे बाजूच्या खड्ड्यात गेली असती. यातलं काय, ते मला कळायला मार्ग नव्हता.

"जांभळी माती नाही," मी पुटपुटलो.

"आनखी आत…"

"आतही नाही. कुठेच नाही. मी पाहिली नाही. मी बनवली."

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. तिला ते समजत नव्हतं. माती कोणी बनवतं का? आई मात्र उठली. तिने हातातला काळा गोटा माझ्या छातीवर हळूच ठोकला, मडकं ठोकतात तसा. एकदा.

"आता मोठ्यानं सांगा, गुरुजी," ती म्हणाली. "छत पडलं आता. कोनाले भ्या नाई. हिच्या बापाले आयकू जाऊ द्या."

मग मी तो आवाज काढला. जांभळी माती नाही, मी खोटं सांगितलं, माझ्यामुळे पोरगी खड्ड्यात गेली. तलावावर ते घुमलं. पाण्यावर डोंगा अर्ध्या वाटेत होता. बापाने वल्हं थांबवलेलं मला दिसलं. काठावर उतरून तो आला, त्याने पोरीला खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे न पाहता निघून गेला. तो पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मला ते बरोबरच वाटलं.

शुक्रवारी पोरगी शाळेत येईल असं मला वाटलं नव्हतं. ती सगळ्यांच्या आधी आलेली होती, नाकावर हळद लावून. बाराव्या द्रोणात गाळ होता, तलावाच्या मधला, पहाटे बापाच्या डोंग्यातून जाऊन काढलेला. डिप्टी साहेब आले. बारीक माणूस, चष्मा, हातात छत्री. त्यांनी एकेक माती बोटांनी चोळून पाहिली. त्या मुलीने गाळाची वळी केली, बांगडी वाकवली आणि साहेबांच्या हातावर ठेवली. एकही चीर नव्हती. साहेब खूश झाले. म्हणाले, "छान. बारा. पत्रात लिहिल्याप्रमाणे." मग त्यांचा चष्मा फळीच्या टोकाशी गेला. "आणि हा तेरावा? रिकामा कसा?"

मी पाहिलं तर खरंच तिथे तेरावा द्रोण होता. ताजा, हिरवा, गच्च वळलेला. सकाळी तो कोणी ठेवला हे विचारायची गरज नव्हती.

मी घसा साफ केला. "साहेब, त्याचं असं आहे, या भागात जांभा म्हणून जो दगड…"

बद्द.

तिसरीच्या तट्ट्यावरून आवाज आला होता. ती खाली मान घालून बसली होती, एका हातात गोटा, दुसऱ्या हातात कुजलेल्या जांभ्याचा तुकडा. सगळी शाळा साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

"काय ते?" साहेब म्हणाले.

मी पुन्हा सुरुवात केली. "साहेब, ती माझ्या खोट्याची जागा आहे." आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, बारा लिहिल्या तेव्हा अकरा होत्या इथपासून. सांगताना दोनदा माझा आवाज चढला, दोनदा तट्ट्यावर हात हलला, दोनदा मी आवाज उतरवला. साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. मला त्यातलं वाचता आलं नाही. जाताना त्यांनी रिकामा द्रोण उचलून उलटा करून पाहिला, परत जागेवर ठेवला आणि म्हणाले, "हा काढू नका."

नोकरी राहिली. त्या शाळेत मी पुढे आणखी सहा वर्षं होतो. वाघाची गोष्ट तिथे पुन्हा सांगितली नाही. इथे सांगितली, कारण इथे समोर कोणी गोटा घेऊन बसलेलं नाही. पळसाचं पान आठवड्यात वाळतं, तडकतं. फळीवरच्या बाकीच्या द्रोणांतल्या माती नंतर मडक्यांत गेल्या. तेराव्याच्या जागी मात्र पोरं दर सोमवारी नवा रिकामा द्रोण ठेवायची. ती चौथी पास होऊन गेली, तिच्यामागे दुसरी पोरं आली, त्यांना कोणी सांगितलं मला ठाऊक नाही. बदली होऊन मी ट्रंक उचलली त्या सकाळी मागे वळून पाहिलं. फळीच्या टोकाशी तो होता, हिरवा, आदल्याच दिवशी वळलेला.